एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर
(टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगसाठी डिजिटल आर्टवर्क कसं तयार करावं)



गॅदरिंगच्या तारखा नोटीस बोर्डावर लागल्या की प्रत्येक हॉस्टेलात टी-शर्ट कमिटी स्थापन होते. वर्गणी गोळा होते, रंगावरून दोन रात्री भांडणं होतात, घोषवाक्यावरून तिसरी रात्र जाते आणि शेवटी ज्याच्याकडे बऱ्यापैकी लॅपटॉप आहे त्याच्या गळ्यात डिझाइनचं काम पडतं. डिझाइन मॉनिटरवर झकास दिसतं. सगळे 'मस्त!' म्हणून माना डोलावतात. मग छापून आलेला गठ्ठा उघडला की चेहरे उतरतात. कडा दातेरी, सावलीच्या जागी डाग, अक्षरांच्या मध्ये फटी. आणि खापर फुटतं ते छापणाऱ्याच्या डोक्यावर.

पुष्कळदा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. त्याला जी फाइल मिळाली तीच त्याने इमानेइतबारे छापलेली असते. कापडावर पक्की बसलेली शाई काही खोडरबराने पुसता येत नाही, छापलेला शर्ट कोणी परत घेत नाही आणि वर्गणीतला एकेक रुपया घरून मोजून आलेला असतो. मेसचं बिल भरताना ज्याची ओढाताण होते त्यानेही शर्टाचे पैसे दिलेले असतात. म्हणून फाइल नीट करणं ही नुसती कलाकुसर नाही, ती दुसऱ्याच्या पैशाची जबाबदारी आहे. हा लेख त्यासाठीच.

आधी जाळी समजून घ्या

एका चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवलेली असते. पूर्वी ती रेशमाची असे, म्हणून 'सिल्क स्क्रीन' हे नाव. आता पॉलिएस्टरची असते. इंग्लंडमध्ये सॅम्युएल सायमन यांनी १९०७ साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. जाळीवर प्रकाशाला प्रतिसाद देणारं इमल्शन फासून वाळवतात. त्यावर आपल्या चित्राची काळी फिल्म ठेवून प्रकाश देतात. जिथे प्रकाश पोचतो तिथलं इमल्शन कडक होतं. जिथे फिल्मवरचा काळा भाग प्रकाश अडवतो तिथलं मऊ राहतं आणि पाण्याने धुऊन जातं. झाली भोकं तयार! मग वर शाई ओतून रबरी पट्टी, म्हणजे स्क्वीजी, ओढली की शाई त्या भोकांतून कापडावर उतरते.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे नवीन वाटायला नको. पीसीबीवर 'आर १', 'सी ५' अशी पांढरी अक्षरं असतात, त्या थराला आजही 'सिल्कस्क्रीन'च म्हणतात. सोलर सेलवरच्या चांदीच्या बारीक रेघासुद्धा याच पद्धतीने छापतात. म्हणजे हे तंत्र लग्नपत्रिकेपासून सोलर पॅनेलपर्यंत पसरलेलं आहे.

या सगळ्यातून दोन नियम निघतात. पुढचा सारा लेख या दोन नियमांचाच विस्तार आहे.

पहिला नियम : एका जाळीतून एकच रंग छापतात.

दुसरा नियम : जाळीचं भोक एक तर उघडं असतं, नाहीतर बंद. शून्य किंवा एक. 'अर्धवट उघडं' अशी अवस्था नाही. म्हणजे फिकट करडा, ट्रान्सपरन्सी, ग्लो, ड्रॉप शॅडो यातलं काहीही जाळीला कळत नाही.

मॉनिटर लाखो रंगछटा दाखवतो. जाळीला फक्त 'हो' आणि 'नाही' समजतं. आर्टवर्क तयार करणं म्हणजे पहिल्या भाषेतली गोष्ट दुसऱ्या भाषेत नेणं.

रंग मोजा, मगच चित्र काढा

प्रत्येक रंगामागे एक फिल्म, एक जाळी, एकदा जुळवणी आणि प्रत्येक शर्टावर एक ओढ. समजा १५० शर्ट आहेत. चार रंगांच्या डिझाइनला ६०० ओढी, दोन रंगांच्या डिझाइनला ३००. नुसता खर्चच वाढतो असं नाही, तर रंग सरकण्याच्या जागाही वाढतात.

शर्ट गडद असेल तर अजून एक भानगड असते. काळ्या कापडावर पिवळी शाई थेट छापली तर ती मळकट दिसते. म्हणून खाली आधी पांढरा थर देतात, तो जरा सुकवतात आणि मग त्यावर पिवळा छापतात. या खालच्या थराला 'अंडरबेस' म्हणतात. म्हणजे काळ्या शर्टावर 'फक्त पिवळा आणि लाल' असं म्हणताना प्रत्यक्षात तीन जाळ्या लागतात. हिशेब करताना हे विसरलं की कमिटीचं बजेट कोसळलंच म्हणून समजा.

यावर एक सोपी युक्ती आहे. कापडाचा रंग हाही आपलाच एक रंग धरा, आणि तो फुकट आहे! काळ्या शर्टावर काळी बाह्यरेषा छापायची गरज नाही, तिथे जागा मोकळी सोडा. पांढऱ्या शर्टावरचं पांढरंही तसंच. चांगलं डिझाइन करणारे दोन शाया आणि एक कापड यांतून तीन रंगांचं काम काढतात.

इथे कोणी विचारेल, 'आता डीटीएफ आलंय ना? फिल्मवर हवे तितके रंग छापून गरम प्रेसने चिकटवायचे. मग ही जाळीची कटकट कशाला?' प्रश्न बरोबर आहे. दहा-पंधरा शर्ट आणि फोटोसारखं रंगीत चित्र असेल तर खुशाल डीटीएफ करा. पण शर्ट शे-दोनशे आणि रंग एक-दोन असतील तर स्क्रीन प्रिंटिंग आजही हिशेबात बसतं, कारण जाळीचा खर्च एकदाच होतो आणि तो सगळ्या शर्टांवर वाटला जातो.

व्हेक्टर की बिटमॅप?

कोरल ड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा फुकट मिळणारं इंकस्केप यांत चित्र रेषांच्या समीकरणांनी साठवतात. हे व्हेक्टर. ते कितीही मोठं करा, कडा धारदारच राहतात. फोटोशॉप किंवा जिंपमध्ये चित्र ठिपक्यांनी, म्हणजे पिक्सेलनी बनतं. हे बिटमॅप. ते मोठं केलं की ठिपकेच मोठे होतात.

अक्षरं, लोगो आणि सपाट रंगाची चित्रं असतील तर डोळे मिटून व्हेक्टर वापरा. बिटमॅप वापरणं भागच असेल तर छापायच्या प्रत्यक्ष मापात इंचाला किमान ३०० पिक्सेल ठेवा. छाप १२ इंच रुंद हवा असेल तर ३०० × १२ = ३६०० पिक्सेल रुंदी झाली. कॉलेजचा लोगो वेबसाइटवरून उतरवला आणि तो ३०० पिक्सेलचा निघाला, तर तो धड एक इंचाचाच आहे. त्याला सॉफ्टवेअरने ताणून ३६०० करता येतं, पण त्यात माहिती वाढत नाही. पातळ वरणात पाणी घालून ते वाढवावं तसंच हे! त्यापेक्षा ऑफिसकडे मूळ व्हेक्टर फाइल मागा, नाहीतर पेन टूलने लोगो नव्याने गिरवा. 'ऑटो ट्रेस'ची एक कळ दाबून काम होतं खरं, पण सरळ रेषा नागमोडी होतात आणि वर्तुळं बटाट्यासारखी होतात. ती हाताने सुधारावी लागतात.

एक जास्तीची सूचना. डिझाइनचं माप सगळ्यांत लहान शर्टावरून ठरवा. सगळ्या साइजसाठी जाळी एकच असते. एक्सएलवर शोभणारं चित्र एसवर काखेपर्यंत पोचतं.

देवनागरीचं वेगळं दुखणं

आपलं घोषवाक्य मराठीत असतं आणि बहुतेक इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये याबद्दल एक अक्षर नसतं. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

(१) फॉन्ट. डीटीपीच्या दुकानांत युनिकोडच्या आधीचे फॉन्ट अजून भेटतात. तशा फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये हा धोका कमी आहे, पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व इकार चुकीच्या बाजूला जातो आणि जोडाक्षरं फुटतात. 'शक्ती'चं 'शक्‌ती' होतं. त्यावर उपाय म्हणजे 'मुक्त' किंवा 'बलू' यांसारखा खुला युनिकोड फॉन्ट घ्या, मजकूर नीट दिसतोय याची खात्री करा आणि मग सगळी अक्षरं कर्व्ह्जमध्ये बदला. कोरलमध्ये 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज', इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ'. यानंतर फॉन्टची गरजच उरत नाही. मात्र आधी मूळ फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा, कारण कर्व्ह्ज झाल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

(२) शिरोरेघ. प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावरचा शिरोरेघेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्यावर किंचित चढतं. कर्व्ह्ज केल्यावर 'कम्बाइन' दिलं, तर जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं! त्याच फटी छापून येतात. आउटलाइन दिली तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. म्हणून 'कम्बाइन' नाही, 'वेल्ड' करा. इंकस्केपमध्ये त्याला 'युनियन' म्हणतात. सगळा शब्द एकसंध आकार झाला की मगच आउटलाइन द्या.

(३) बारीक जागा. शाई कापडावर थोडी पसरते. त्यामुळे 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' यांच्या पोटातल्या बारीक मोकळ्या जागा बुजतात. फॉन्ट किती पॉइंटचा यावर जाऊ नका, कारण मात्रा आणि उकारांना जागा द्यावी लागल्यामुळे देवनागरीत मूळ अक्षर तुलनेने लहान पडतं. त्याऐवजी सगळ्यांत बारीक रेघ मोजा. टी-शर्टवर ती १ पॉइंटपेक्षा, म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. शाईच्या मध्ये मोकळी सोडलेली रेघ दीड पॉइंट तरी ठेवा, कारण दोन्ही बाजूंनी शाई तिला खाते.

(४) वळण. काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. आपल्याला मराठी वळण हवं असेल तर फॉन्ट निवडतानाच बघून घ्या.

हाफटोनचं गणित

फिकट छटा किंवा फोटो हवाच असेल तर? भोक अर्धवट उघडता येत नाही, पण लहान-मोठे ठिपके छापता येतात. दूरून बघताना डोळा त्यांची सरासरी काढतो आणि करडा रंग दिसतो. हाच हाफटोन. वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून बघा, लगेच कळेल. इंचाला ठिपक्यांच्या किती ओळी आहेत, तिला 'एलपीआय' म्हणतात.

सर्वसाधारण नियम असा सांगतात, की जाळीचा मेश हा एलपीआयच्या ४ ते ५ पट असावा. पण हा नियम आला कुठून? आपण इंजिनीअर, तेव्हा काढून बघू.

समजा एलपीआय 'ल' आहे. म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला १/ल इंच बाजूचा चौरस आला. ५ टक्के छटेसाठी त्या चौरसाच्या ५ टक्के भागावर गोल ठिपका हवा. वर्तुळाच्या क्षेत्रफळावरून व्यास काढला, तर तो चौरसाच्या बाजूच्या √(४ × ०.०५ ÷ π) पट येतो, म्हणजे साधारण ०.२५ पट. थोडक्यात व्यास ०.२५/ल इंच.

आता जाळी. मेश 'म' असेल, म्हणजे इंचाला 'म' धागे, तर एका धाग्यापासून दुसऱ्या धाग्यापर्यंतचं अंतर १/म इंच. ठिपका या अंतराइतका तरी हवा. त्याहून लहान असेल तर तो कधी नेमका धाग्यावर बसून गायब होतो, कधी भोकात पडून उमटतो. म्हणून ०.२५/ल हे १/म पेक्षा कमी नको. म्हणजेच 'म' हा 'ल'च्या किमान चौपट हवा. निघाला की नाही नियम!

आकडे घालून बघा. टी-शर्टला सर्रास वापरतात ती जाळी ४३ टी, म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे, इंचाला साधारण ११०. धाग्यांमधलं अंतर ०.२३ मिलिमीटर. तिच्यावर ५५ एलपीआयचा हाफटोन केला तर ५ टक्क्यांचा ठिपका ०.१२ मिलिमीटरचा होतो, तो टिकणं कठीण. २५ एलपीआय घेतलं तर तोच ठिपका ०.२६ मिलिमीटर होतो आणि जाळी त्याला धरते. ४० एलपीआय हवं असेल तर १६० किंवा त्याहून बारीक मेश मागावा लागेल. म्हणून फाइल करण्याआधी छापणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, 'जाळी कितीची वापरणार?'

अजून एक गोष्ट. जाळीचे धागे आडवे-उभे असतात. हाफटोनच्या ओळीही त्याच कोनात आल्या, किंवा बरोबर ४५ अंशांत आल्या, तर नको असलेले पट्टे उठायची भीती असते. यालाच मॉरे म्हणतात. दोन कंगवे एकावर एक धरून फिरवले की दिसतात ना, तेच पट्टे. एकाच रंगाच्या हाफटोनला २२.५ अंश हा कोन रूढ आहे.

फोटोशॉपमध्ये चित्र आधी ग्रेस्केल, मग 'बिटमॅप' मोडमध्ये 'हाफटोन स्क्रीन' निवडून एलपीआय आणि कोन भरा. जिंपमध्ये 'न्यूजप्रिंट' फिल्टर आहे. त्याआधी कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, नाहीतर करड्यात करडं मिसळून आपल्या लाडक्या सरांचा चेहरा ओळखू येणार नाही.

रंग सुटे करणे आणि ट्रॅपिंग

प्रत्येक रंग स्वतंत्र लेयरवर ठेवा. फिल्म मात्र प्रत्येक रंगाची शुद्ध काळ्यातच निघते, मग छापायची शाई पिवळी असो की हिरवी. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. फिल्म हा रंगाचा नमुना नाही, तो प्रकाश अडवणारा मुखवटा आहे. काळा म्हणजे फक्त के १०० टक्के ठेवा. आरजीबीतून बदललेला काळा हा चारही रंगांचं मिश्रण असतो, आणि सेपरेशन काढलं की तो चारही फिल्मवर थोडा थोडा उतरतो.

कापड लवचीक असतं, मशीन हाताचं असतं, त्यामुळे एखादा केसभर फरक पडणारच. दोन रंग काठाला काठ लावून ठेवले तर मध्ये कापड डोकावतं. म्हणून फिकट रंग गडद रंगाखाली ०.३ ते ०.५ मिलिमीटर सरकवून ठेवायचा. हे ट्रॅपिंग. काळी बाह्यरेषा असेल तर काम अजून सोपं, काळा सगळ्यांत शेवटी वरून छापा आणि बाकीचे रंग त्याच्याखाली शिरू द्या. अंडरबेसचं मात्र उलटं. तो वरच्या रंगापेक्षा तेवढाच आत ओढा, नाहीतर पिवळ्या अक्षराला पांढरी किनार दिसते.

फिल्म काढताना

फिल्म किंवा ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढतात. तीन गोष्टी बघा. काळा खरंच गच्च काळा आहे का? उजेडासमोर धरा. त्यातून प्रकाश झिरपत असेल तर इमल्शन अर्धवट कडक होईल आणि अक्षर नीट धुऊन निघणार नाही. दुसरं, फिल्म सरळ काढा, मिरर करू नका. टोनरची बाजू इमल्शनला टेकली पाहिजे, म्हणजे कडेने प्रकाश आत शिरत नाही. तिसरं, सगळ्या रंगांच्या फिल्म एकाच प्रिंटरवर, एकाच दिशेने काढा. उष्णतेने कागद किंचित आक्रसतो. सगळे सारखे आक्रसले तर जुळतात, वेगवेगळे आक्रसले तर नाही.

प्रत्येक फिल्मवर चारी बाजूंना अधिक चिन्हासारखे रजिस्टर मार्क हवेत, सगळ्या फिल्मवर अगदी त्याच जागी. शिवाय रंगाचं नाव आणि छपाईचा क्रमांक. 'ही पिवळ्याची की पांढऱ्याची?' हा प्रश्न छापणाऱ्याला पडता कामा नये.

पैसे देण्याआधी

१. डिझाइन शंभर टक्के मापात साध्या कागदावर काढा, कापा आणि एखाद्याच्या छातीला लावून दोन मीटरवरून वाचा. वाचता आलं नाही तर ते शर्टावरही वाचता येणार नाही.

२. शुद्धलेखन अशा माणसाला तपासायला द्या ज्याने ते डिझाइन आधी पाहिलेलं नाही. स्वतःचा मजकूर वाचताना डोळा चुका गिळतो.

३. रंग तोंडी सांगू नका. 'जरा डार्क निळा' याचे अर्थ माणसागणिक वेगळे. पँटोन क्रमांक द्या, नाहीतर कापडाचा तुकडा द्या. मॉनिटरवरचा रंग हा पुरावा नव्हे.

४. एक नमुना शर्ट मागा, तो ताणून बघा, धुऊन बघा. प्लॅस्टिसॉल शाई साधारण १६० अंश सेल्सिअसला पूर्ण पक्की होते. उष्णता कमी पडली तर ती ताणल्यावर तडकते. हे पहिल्या शर्टावर कळलं तर सुधारता येतं, दीडशेव्यावर कळून उपयोग नाही.

५. नमुना पसंत पडला की त्यावर तारीख टाकून दोघांनी सही करा. यात अविश्वास नाही. उलट सही झाली की दोन्ही बाजू मोकळ्या मनाने काम करतात.

आणि शेवटची गोष्ट, जी कुठल्याच मेनूत सापडणार नाही. फाइल पाठवून मोकळं होऊ नका, एकदा छापखान्यात जा. शाई ओढणाऱ्या माणसाने हजारो फाइल पाहिलेल्या असतात. 'ही रेघ उठणार नाही हं' असं तो एका नजरेत सांगतो. त्याला आपण विचारत नाही, म्हणून तो बोलत नाही. विचारा. त्याच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात आपलं सेमिस्टरभराचं प्रॅक्टिकल होऊन जातं, आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर असा शर्ट चढतो, जो पुढच्या वर्षी सायकल पुसायला जात नाही.